ठेका कुणाचा, सातबारा कुणाचा

रविवार, न्यू ऑर्लिन्स

मिरवणुकीची वेळ एकची होती. दीड वाजला तरी बँडवाले एका दुकानाच्या पायरीवर बसून तळलेली कोंबडी खात होते आणि घाई कुणालाच नव्हती. भाचा सारखा घड्याळ बघत होता. मी म्हटलं, "भाचेबुवा, वाजंत्री जेवल्याशिवाय वरात हलत नसते. बसा."

अमरावतीत ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवण्यात माझी सगळी उमेद गेली. लग्नं, गणपती, नवरात्र, किशोरकुमार नाइट. भाचा मेम्फिसला नोकरीला आहे. "मामा, या एकदा, तुम्हाला नायगारा दाखवतो," हे त्याचं कित्येक दिवस चाललं होतं. मी त्याला सांगितलं, धबधबे चिखलदऱ्याला पुष्कळ आहेत. ज्या ठेक्यावर माझं घर चाललं तो जिथून आला ती गावं दाखव. म्हणून मेम्फिसहून गाडीने आधी खाली न्यू ऑर्लिन्सला आलो. आता तो ठेका ज्या दिशेने गेला त्याच दिशेने वर, शिकागोपर्यंत.

मिरवणुकीला इथे 'सेकंड लाइन' म्हणतात. पुढे मंडळाचे लोक, झगमगीत सूट, छातीवर पट्टा, हातात पिसांचे भलेमोठे पंखे. त्यांच्यामागे ब्रास बँड. ही झाली पहिली रांग. मागून नाचत येणारं सगळं गाव म्हणजे दुसरी. ही मंडळं जुनी आहेत. गोऱ्यांच्या विमा कंपन्या दारात उभं करत नसत तेव्हा वर्गणी काढून आजारपणाला, मयतीला मदत करायची, आणि वर्षातून एकदा झोकात मिरवायचं, असा त्यांचा रिवाज.

मी अर्थातच ड्रमवाल्यांच्या बाजूने चालत राहिलो. एकाच्या गळ्यात मोठा बास ड्रम, त्याच्या डोक्यावर एक सिम्बल, म्हणजे झांजेची वाटी, उभी बसवलेली. उजव्या हातात ड्रमचा दांडू आणि डाव्या हातात चक्क स्क्रू-ड्रायव्हर, त्याने सिम्बल वाजवायची. स्नेअर, म्हणजे काठ्यांनी वाजवायचा छोटा ड्रम, दुसऱ्या माणसाकडे. या दोघांचं काम एका माणसाने बसून करावं म्हणून पायाने मारायचं पेडल आलं आणि त्यातून ड्रमसेट तयार झाला. हे मी वाचलं होतं, पण शेजारून चालत बघितल्यावर कळलं की ते दोघं एकमेकांच्या मध्ये जागा सोडतात. बास ड्रमचा शेवटचा ठोका समेच्या थोडा आधी पडतो, आणि सम आली की सगळे पाय उचललेले असतात. कागदावर लिहायला गेलं तर हा साधा चारचा ठेका. चालायला गेलं तर कंबर हलल्याशिवाय राहत नाही.

क्लेबोर्न अॅव्हेन्यूवर वरून जाणाऱ्या महामार्गाच्या पुलाखाली आल्यावर बँड थांबला आणि तिथेच जोरात वाजवू लागला, कारण पुलाखाली आवाज घुमतो. या रस्त्यावर पूर्वी ओकच्या झाडांच्या रांगा होत्या, काळ्यांची दुकानं होती. १९६० च्या दशकात झाडं तोडून वस्तीच्या डोक्यावरून हा रस्ता नेला. त्या पुलाचाही यांनी वाद्यासारखा उपयोग करून घेतला!

सकाळी काँगो स्क्वेअर बघितला होता. आज तो लुई आर्मस्ट्राँगच्या नावाच्या बागेचा एक कोपरा आहे, दगडी फरसबंदी आणि मोठी झाडं. फ्रेंच अमलात गुलामांना रविवारची सुट्टी मिळे. १८१७ मध्ये शहराने हुकूम काढला की गुलामांनी जमायचं ते रविवारी आणि महापौर सांगेल त्याच जागी. ती ही जागा. दक्षिण कॅरोलिनात १७३९ च्या बंडानंतर गुलामांना ढोल वाजवायलाच कायद्याने बंदी केली होती, कारण ढोलावरून निरोप जातात अशी मालकांना भीती. इथे मात्र आठवड्यातून एकदा ढोल वाजत राहिले, पश्चिम आफ्रिकेचे, कॅरिबियन बेटांचे, एकमेकांत मिसळत.

बागेत आर्मस्ट्राँगचा पुतळा आहे. त्याच्यासमोर मला आठवला चिक चॉकलेट, म्हणजे गोव्याच्या अल्दोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ. ट्रम्पेट वाजवायचा आणि मुंबईत त्याला 'भारताचा आर्मस्ट्राँग' म्हणत. १९३५ पासून लिऑन अॅबी, टेडी वेदरफर्ड असे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक ताजमहाल हॉटेलात येऊन वाजवत, त्यांच्याकडून गोव्याच्या पोरांनी हे उचललं. पुढे पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी त्यांना स्टुडिओत नेलं. 'अलबेला' (१९५१) मध्ये चिक चॉकलेट पडद्यावरसुद्धा दिसतो. त्यातली गाणी आमच्या ऑर्केस्ट्राने हजार वेळा वाजवली असतील, आणि निवेदकाने दर वेळी नाव घेतलं ते भगवानदादांचं.

सोमवार, न्यू ऑर्लिन्स

आज लाँड्रीत गेलो. कपडे धुवायला नव्हे.

बागेच्या समोर, नॉर्थ रॅम्पार्ट आणि ड्युमेन रस्त्यांच्या कोपऱ्यावर नाणी टाकून कपडे धुवायचं एक दुकान आहे. आत यंत्रं गरगरताहेत, एक बाई चादरींच्या घड्या घालतेय. बाहेर भिंतीवर पाटी आहे म्हणून कळतं. इथे कोसिमो मटासाचा जे अँड एम स्टुडिओ होता. वस्तुतः रेकॉर्ड विकायच्या दुकानामागची एक खोली. डिसेंबर १९४९ मध्ये फॅट्स डॉमिनोने आपली पहिली रेकॉर्ड 'द फॅट मॅन' इथे केली. १४ सप्टेंबर १९५५ ला लिटल रिचर्डने 'टुटी फ्रुटी' इथेच केलं.

दोन्ही वेळा ड्रमवर होता अर्ल पामर. याच ट्रेमे वस्तीतला, लहानपणी टॅप नाचून पैसे मिळवणारा. मला इथे यायचं होतं ते त्याच्यासाठी. पहिल्या रेकॉर्डमध्ये त्याने दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा स्नेअरचा ठोका सुरुवातीपासून शेवटपर्यंत धरून ठेवला. तोवर न्यू ऑर्लिन्सच्या जॅझमध्ये तो ठोका शेवटच्या फेरीत, सगळे रंगात आले की यायचा. टाळ्या हव्यात म्हणून शेवटी ठेवलेली गोष्ट याने पहिल्या सेकंदाला टाकली.

दुसरी गंमत लिटल रिचर्डची. तोवर सगळे ड्रमवाले 'शफल' वाजवत. आमच्या भाषेत सांगायचं तर मात्रेचे तीन तुकडे करून मधला गिळायचा, त्याने चाल लचकत येते. रिचर्ड मात्र पियानोवर उजव्या हाताने सरळ आठ-आठ ठोके कुटायचा. पामरने पुढे सांगितलंय की त्या उजव्या हाताशी जमवून घेता घेता तो शफल सोडून सरळ आठवर आला. रॉक अँड रोल ज्याला म्हणतात त्याचा कणा हाच. पुढची साठ-सत्तर वर्षं जगभर तो वाजतोय. आमच्या ऑर्केस्ट्रात नवीन पोरगा आला की त्याला पहिल्या दिवशी हाच धडा. हाय-हॅटवर, म्हणजे पायाने मिटणाऱ्या सिम्बलच्या जोडीवर, सरळ आठ, स्नेअर दोन आणि चारवर. त्याला अर्ल पामर हे नाव कुणी सांगत नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

आणि पैशाचं? लिटल रिचर्ड सांगत असे की त्याला रेकॉर्डमागे अर्धा सेंट मिळायचा. काही महिन्यांत पॅट बून या गोऱ्या गायकाने तेच गाणं धुऊन-इस्त्री करून गायलं, आणि त्याची रेकॉर्ड लोकप्रियतेच्या यादीत मूळ रेकॉर्डच्या वर गेली. माझे वडील, आप्पा, तलाठी होते. जमिनीचं कुणी काहीही सांगितलं तरी ते एवढंच विचारायचे: "कसतो कोण ते कळलं. सातबाऱ्यावर कोण आहे?" हा प्रश्न मी पुढच्या प्रत्येक गावात विचारणार होतो.

जेवायला लाल राजमा आणि भात, त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे. सोमवारी इथे घरोघर हेच. सोमवार धुण्याचा दिवस, म्हणून सकाळी पातेलं मंद आचेवर चढवून बायका कपड्यांच्या मागे लागत.

मंगळवार, मिसिसिपी डेल्टा

जॅक्सन सोडून ग्रीनवूडच्या पुढे आलो आणि जमीन एकदम सपाट झाली. नजर पोहोचेल तिथवर पांढरा कापूस. ऑक्टोबर असल्यामुळे वेचणी सुरू होती, पण शेतात माणूस दिसेना. प्रचंड यंत्रं फिरत होती आणि मागे पिवळ्या-गुलाबी प्लॅस्टिकात गुंडाळलेले रांजणाएवढे गठ्ठे टाकत होती. भाच्याने गाडी थांबवली. मी बोंड हातात घेतलं. टोकं टोचतात, आपल्याकडे टोचतात तशीच.

या कापसाचं आणि वऱ्हाडाचं जुनं नातं आहे. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, गुलामांनी पिकवलेला कापूस मँचेस्टरला पोहोचेना. गिरण्यांनी मोर्चा मुंबईकडे वळवला. मुंबईत पैशाचा पूर आला, वऱ्हाडात कापसाचा भाव कडाडला. युद्ध संपलं आणि १८६५ मध्ये सगळं कोसळलं. गुलामगिरी गेली, आणि १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं.

इथे प्रत्यक्षात काय झालं, तर गुलामाचा बटाईदार झाला. जमीन मालकाची, बियाणं-खेचर उधारीवर, किराणा मालकाच्याच दुकानातून. हंगामाच्या शेवटी हिशेब मालक सांगणार, आणि त्यात बहुतेक वेळा देणंच निघणार. हिशेबाची वही बघायला मागणं धोक्याचं. ब्लूज हा इथल्या काळ्यांच्या गाण्याचा प्रकार या मातीत वाढला. तो दुःखाचा रडका सूर आहे असं लोक समजतात, तसं नाही. निम्मी गाणी चहाटळ आहेत, काही तर इथे लिहिता येणार नाहीत अशी. पण बारा मापांत पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत पलटी मारायची, ही बांधणी एवढी पक्की की पुढचं निम्मं रॉक तिच्यावर उभं राहिलं. आणि गांधार-निषाद ना कोमल ना शुद्ध, मध्येच कुठे तरी दाबलेले. पियानोला ते जमत नाही, गळ्याला आणि तारेवर घासलेल्या बाटलीच्या मानेला जमतं.

ग्रीनवूडच्या उत्तरेला मनी नावाचं गाव आहे. गाव कसलं, चार घरं. रस्त्याकडेला एका दुकानाच्या वेलींनी गिळलेल्या भिंती उभ्या आहेत. ऑगस्ट १९५५ मध्ये शिकागोहून सुट्टीला आलेला चौदा वर्षांचा एमेट टिल या दुकानात गेला होता. दुकानातल्या गोऱ्या बाईशी आगाऊपणा केला म्हणून तिच्या नवऱ्याने आणि दिराने त्याला रात्री उचलून नेलं, हाल करून मारलं आणि नदीत टाकलं. पुढे समनरच्या कोर्टात खटला चालला. आम्ही तिथेही गेलो, कोर्टाची इमारत आता नीट दुरुस्त केली आहे. बारा गोऱ्या पंचांनी तासाभरात २३ सप्टेंबरला दोघांना निर्दोष सोडलं. नंतर त्यांनीच एका मासिकाकडून पैसे घेऊन खुनाची कबुली दिली.

सप्टेंबर १९५५. 'टुटी फ्रुटी' रेकॉर्ड झालं त्याला तेव्हा नऊ दिवस झाले होते. न्यू ऑर्लिन्सहून आम्हाला इथे यायला अर्धा दिवस लागला. गोरी पोरं ज्याच्या गाण्यावर नाचणार होती त्याच्या वयाने लहान भावासारख्या मुलाची ही किंमत होती. गाडीत भाच्याने गाणी लावली नाहीत, मीही सांगितलं नाही.

क्लार्क्सडेलच्या अलीकडे हॉपसन मळा लागतो. १९४४ मध्ये पेरणीपासून वेचणीपर्यंत सगळा कापूस यंत्राने काढण्याचा प्रयोग इथे यशस्वी झाला. मजुरांची गरज संपली. आधीच चालू असलेला उत्तरेचा ओघ वाढला. १९१० ते १९७० या काळात साठ लाखांच्या आसपास कृष्णवर्णीय दक्षिण सोडून गेले. त्यांच्या झोपड्यांत आता पर्यटक हौसेने मुक्काम करतात, गंजलेले पत्रे तसेच ठेवून आत एसी. भाच्याने विचारलं, राहायचं का? मी म्हटलं, गावात साधी खोली बघ.

बुधवार, क्लार्क्सडेल

जुन्या मालधक्क्याच्या इमारतीत ब्लूजचं संग्रहालय आहे. आत मडी वॉटर्स या ब्लूज गवयाच्या खोपटाच्या लाकडी ओंडक्यांच्या भिंती आणून उभ्या केल्यात. हा स्टोव्हॉल मळ्यावर ट्रॅक्टर चालवायचा. ऑगस्ट १९४१ मध्ये अॅलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क हे वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी रेकॉर्डिंग करत इथे आले. पुढे त्याला दोन रेकॉर्ड आणि वीस डॉलरचा चेक पोस्टाने आला. स्वतःचा आवाज ऐकल्यावर त्याला वाटलं, आपणही काही कमी नाही. १९४३ मध्ये तो शिकागोला निघून गेला.

६१ आणि ४९ नंबरच्या रस्त्यांच्या चौकात निळ्या गिटारींचा खांब आहे. सैतानाला आत्मा विकून रॉबर्ट जॉन्सन गिटार शिकला ती जागा हीच, असं सांगतात. मला ही कथा आवडत नाही. माणूस रात्र रात्र रियाज करून तयार झाला तर त्याला श्रेय द्या की! त्याची २९ गाणी दोन वर्षांत रेकॉर्ड झाली, १९३८ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी मेला. शिवाय सैतानाची तीच गोष्ट टॉमी जॉन्सन या दुसऱ्या गवयाबद्दल आधीपासून सांगत होते.

रिव्हरसाइड हॉटेल पूर्वी काळ्यांचं इस्पितळ होतं. २६ सप्टेंबर १९३७ ला मोटार अपघातानंतर ब्लूज गायिका बेसी स्मिथ इथे मरण पावली. नंतर त्याचं हॉटेल झालं. कृष्णवर्णीय वादकांना गावात दुसरीकडे खोली मिळत नसे, म्हणून सगळे इथे. आयक टर्नरही इथेच राहायचा.

रात्री एका ज्यूक जॉइंटमध्ये गेलो. लाल दिवे, खुर्च्या एकीला दुसरी न जुळणारी, बिअर बर्फाच्या पेटीतून. गिटार, बास, ड्रम एवढंच. ड्रमवाला सत्तरीचा असेल. पूर्ण दोन तास त्याने एकही करामत केली नाही. शफल धरला आणि धरून ठेवला. माझ्यासारख्या दर चार मापांनी फिरत मारणाऱ्याला त्या संयमाने घाम फुटला. मध्यंतरात ओळख झाल्यावर मी म्हटलं, मीही वाजवतो, भारतात. त्याने काठ्या पुढे केल्या. मी हात जोडून नको म्हटलं. भाचा अजून त्यावरून चिडवतोय.

गुरुवार, मेम्फिस

७०६ युनियन अॅव्हेन्यूवरचा सन स्टुडिओ. एक छोटी खोली, जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा, आणि एल्व्हिसच्या प्रेमात पडलेले प्रवासी. एल्व्हिसशी माझं भांडण नाही, गळा खरोखर तयार होता. पण ५ जुलै १९५४ ला त्याने इथे जे पहिलं गाजलेलं गाणं म्हटलं ते मिसिसिपीच्या आर्थर क्रडपचं, १९४६ चं. क्रडप १९७४ मध्ये वारला तोवर त्याला हक्काचे पैसे जवळजवळ मिळालेच नव्हते.

मला त्या खोलीत मार्च १९५१ मध्ये जास्त रस होता. आयक टर्नरचा बँड ६१ नंबरच्या रस्त्याने रेकॉर्डिंगला येत असताना अॅम्प्लिफायरला इजा झाली, स्पीकरचा कागद फाटला. स्टुडिओच्या सॅम फिलिप्सने त्यात कागद कोंबले आणि म्हणाला, वाजवा. गिटारचा आवाज घोगरा, फाटका आला. त्याला तो आवडला. त्या फाटक्या आवाजासाठी आज लोक पायाखाली ठेवायची पेटी विकत घेतात. 'रॉकेट ८८' हे ते गाणं, आणि रेकॉर्डवर नाव छापलं जॅकी ब्रेन्स्टन आणि त्याच्या 'डेल्टा कॅट्स'चं. असा बँडच नव्हता. काळ्यांमध्येही सातबारा कधी कधी भलत्याच्या नावावर चढतो.

शुक्रवार, मेम्फिस

आजचा दिवस सगळ्यांत भरलेला. मॅकलेमोर अॅव्हेन्यूवर स्टॅक्स ही रेकॉर्ड कंपनी. मुळात ते बंद पडलेलं कॅपिटल टॉकीज. जिम स्ट्युअर्ट आणि त्याची बहीण एस्टेल अॅक्सटन, दोघंही गोरी, त्यांनी १९६० मध्ये ते भाड्याने घेतलं. पडद्याच्या बाजूला स्टुडिओ, आणि दारातल्या पॉपकॉर्नच्या जागी एस्टेलबाईंचं रेकॉर्डचं दुकान. वस्तीतली पोरं काय विकत घेतात, कशावर पाय हलवतात, हे बाई काउंटरवरून बघायच्या आणि आत जाऊन सांगायच्या. टॉकीजची जमीन उतरती होती, ती सपाट करायला पैसे नव्हते, म्हणून स्टुडिओही उतरता. आवाज वेगळा यायचा तो त्यामुळे, असं म्हणतात. मूळ इमारत १९८९ मध्ये पाडली. २००३ मध्ये त्याच जागी पुन्हा बांधून संग्रहालय केलं, आणि आता त्यातही जमीन मुद्दाम उतरती ठेवली आहे. मी चालून बघितली.

संग्रहालयात शिरल्यावर पहिल्यांदा लागतं ते मिसिसिपीतून उचलून आणलेलं लाकडी चर्च. हे मला फार पटलं. ओटिस रेडिंगचा गळा, 'बोल' आणि 'झेल', म्हणजे एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं, ही सगळी पद्धत रविवारच्या चर्चमधली, फक्त देवाच्या जागी प्रेयसी. अनेक घरांत त्यावरून भांडणं झाली. शेवटाकडे आयझॅक हेझची सोन्याने मढवलेली कॅडिलॅक गोल फिरते आहे. भाच्याने तिचेच फोटो जास्त काढले.

मी रमलो अल जॅक्सनपाशी. हा इथला ड्रमवाला. वर्णभेदाच्या मेम्फिसमध्ये बुकर टी. अँड द एम.जी.ज हा काळ्या-गोऱ्यांचा मिश्र बँड होता, त्यातला. १९६५ मध्ये 'इन द मिडनाइट अवर' चालू असताना अटलांटिक कंपनीचा जेरी वेक्सलर काचेमागून उठून आला आणि नाचून दाखवू लागला, की पोरं हल्ली दोनवर असा झटका देतात. जॅक्सनने तो झटका घेतला आणि स्नेअर केसभर मागे ओढला. उशीर नाही, आळसही नाही. ठोका पडतो तेव्हा वाटतं, अरे, आत्ता पडायला हवा होता, आणि तेवढ्यात तो पडलेला असतो. आज सकाळी ते हेडफोनवर मी इतक्या वेळा ऐकलं की मागे रांग लागली.

आणि सातबारा? १९६५ मध्ये स्टॅक्सने अटलांटिकशी करार केला. १९६७ मध्ये अटलांटिक विकली गेली, १९६८ मध्ये कागद उघडले, तर तोवर अटलांटिकने बाजारात आणलेल्या सगळ्या रेकॉर्डिंगच्या मूळ टेप्स अटलांटिकच्या मालकीच्या. ओटिस रेडिंग आदल्या डिसेंबरात विमान अपघातात गेलेला, त्याचा आवाजही गेला. फसवणूक इथे काळ्या-गोऱ्या दोघांची झाली, पण पोट जास्त कुणाचं मारलं गेलं ते सांगायला नको.

दुपारी लोरेन मोटेल. स्टॅक्सचे गोरे-काळे वादक एकत्र बसू शकतील अशा शहरातल्या मोजक्या जागांपैकी ही एक, 'मिडनाइट अवर' लिहिलं गेलं ते इथल्या खोलीत. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग याच मोटेलच्या ३०६ नंबरच्या खोलीबाहेर गोळी लागून पडले. ते आले होते सफाई कामगारांच्या संपासाठी. 'मी माणूस आहे' एवढंच लिहिलेल्या पाट्या गळ्यात घालून ते कामगार चालले होते. फोटोसमोर भाचा म्हणाला, "मामा, चार वर्षं इथे राहतोय, आत आज पहिल्यांदा आलो."

रात्री पावणेअकराच्या सुमारास 'सिटी ऑफ न्यू ऑर्लिन्स' गाडी. डेल्टातले लोक याच लोहमार्गाने शिकागोला गेले. भाच्याने पोळ्यांचा डबा दिला आणि पाया पडला.

शनिवार, शिकागो

पुतणी इथे शिकते. ती स्टेशनवर होती. "काका, आधी झोपणार की आधी चेस?" हे तिने विचारायला नको होतं.

२१२० साउथ मिशिगन अॅव्हेन्यू. पोलंडहून आलेल्या ज्यू कुटुंबातल्या लिओनार्ड आणि फिल चेस या भावांची रेकॉर्ड कंपनी. मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ, चक बेरी, एट्टा जेम्स. शिकागोच्या गोंगाटात साधी गिटार ऐकू येईना, म्हणून डेल्टाचा ब्लूज विजेवर चढला. १९६४ मध्ये रोलिंग स्टोन्स लंडनहून इथे रेकॉर्डिंगला आले, ज्यांची गाणी ऐकून ते शिकले त्यांच्याच खोलीत. चक बेरीच्या 'मेबेलीन' (१९५५) वर रेडिओ निवेदक अॅलन फ्रीड आणि आणखी एकाचं नाव 'सहकवी' म्हणून घातलं गेलं. निवेदकाचं नाव लावलं की रेडिओवर गाणं जास्त वाजतं, असा हिशेब. बेरीला पूर्ण हक्क परत मिळायला १९८६ उजाडलं.

मला बरं वाटलं ते याच इमारतीत. चेसचा बासवादक आणि गीतकार विली डिक्सन याने उशिरा का होईना कागद वाचायला सुरुवात केली. लेड झेपेलिनच्या एका प्रचंड गाजलेल्या गाण्यात त्याच्या ओळी होत्या. १९८५ मध्ये त्याने दावा लावला, दोन वर्षांनी तडजोड झाली आणि नाव लागलं. त्याने संस्था काढली, म्हाताऱ्या वादकांना त्यांच्या गाण्यांचे हक्क आणि थकलेले पैसे मिळवून द्यायला. तो गेल्यावर त्याच्या पत्नीने हीच इमारत विकत घेतली, आता संस्था इथेच आहे. आप्पा असते तर खूश झाले असते. फेरफार झाला, नोंद सुधारली.

रात्री पुतणीचा आग्रह. "काका, तुमचं जुनं झालं, आता माझं." तिने २०६ साउथ जेफर्सन स्ट्रीटसमोर नेलं. तीन मजली जुनी इमारत. १९७७ पासून 'वेअरहाउस' नावाचा क्लब इथे चालायचा, फ्रँकी नकल्स रेकॉर्ड लावायचा. येणारी बहुतेक मुलं काळी, लॅटिनो आणि समलिंगी, म्हणजे बाहेर ज्यांना दुहेरी मार. 'हाउस' संगीताला नाव मिळालं ते या क्लबवरून. १२ जुलै १९७९ ला याच शहरात बेसबॉलच्या मैदानावर डिस्कोच्या रेकॉर्डचा ढीग रचून स्फोटाने उडवला होता. तिथे जागा दाखवायचं काम करणारा व्हिन्स लॉरेन्स हा काळा पोरगा सांगतो, की लोक आणत होते त्या सगळ्या डिस्कोच्या रेकॉर्ड नव्हत्याच, काळ्या गायकांच्या कुठल्याही होत्या. पुढे १९८४ मध्ये त्याने जेसी साँडर्ससोबत जे गाणं केलं ते हाउसची पहिली रेकॉर्ड मानतात.

हाउसमध्ये ड्रमवाला नाही, यंत्र आहे. रोलंड कंपनीची ८०८ आणि ३०३, खपत नाहीत म्हणून स्वस्तात विकली जाणारी यंत्रं या पोरांनी घेतली. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच त्या दोन्ही यंत्रांवर रागांची तबकडी केली होती, तेव्हा ढुंकून पाहिलं नाही कुणी. मला या यंत्रांचा राग होता, त्यांनी आमच्या लाइनीतल्या कित्येकांच्या सुपाऱ्या खाल्ल्या. पण क्लबात आवाज चालू झाला, पायाचा ठोका चारही मात्रांवर सरळ, आणि वर टाळी? दोन आणि चारवर. अर्ल पामर तिथे होताच.

रविवार, शिकागो

सकाळी पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चच्या भिंती बाहेरून बघितल्या, २००६ च्या आगीत आतलं सगळं गेलं. मा रेनी या गायिकेच्या ब्लूजला साथ करणारा टॉमस डॉर्सी इथे अनेक दशकं संगीत सांभाळत होता. बायको आणि नवजात मूल एकदमच गेल्यावर १९३२ मध्ये त्याने जे भजन लिहिलं ते किंग यांना फार प्रिय होतं. ब्लूजची चाल देवळात आणली म्हणून सुरुवातीला त्याला दारं बंद झाली होती. जवळच्या दुसऱ्या एका चर्चमध्ये बसलो. हॅमंड ऑर्गन, डफ, आणि एक दहा-बारा वर्षांचा मुलगा ड्रमवर. मारत होता नुसता, पण थांबायचं कुठे ते त्याला कळत होतं.

पुतणी बसमध्ये हिप-हॉप ऐकत होती. एक कानातलं मला दिलं. मी म्हटलं, "थांब, हे मागे कोण वाजवतंय?" ती म्हणाली, सॅम्पल आहे. सॅम्पल खरं, पण त्या स्नेअरवरचे बारीक टिपके मी झोपेतही ओळखीन. क्लाइड स्टबलफील्ड. जेम्स ब्राउन या गायकासाठी त्याने नोव्हेंबर १९६९ मध्ये वाजवलेला 'फंकी ड्रमर'चा तुकडा, शेकडो रॅप गाण्यांखाली कापून चिकटवलेला. गाण्यावर हक्क ब्राउनचा, ठेक्याला कायद्यात जागाच नाही, त्यामुळे क्लाइडला त्यातून मानधन असं मिळालंच नाही. म्हातारपणी कर्करोगाचं बिल चढलं तेव्हा नव्वद हजार डॉलरच्या आसपास रक्कम प्रिन्स या गायकाने गुपचूप भरली. तो कित्येक वर्षं मॅडिसन गावात दर सोमवारी रात्री एका क्लबात वाजवायचा. २०१७ मध्ये गेला. त्यानंतर तिथल्या विद्यापीठाने त्याच्या नावे मानद डॉक्टरेट दिली.

मॅडिसन इथून बसने तीन तासांवर आहे. पुतणीने फोनवर बघितलं, उद्या सकाळची जागा आहे. माझ्या परतीच्या विमानाला अजून अवकाश आहे, तेव्हा जातोय. पुतणी विचारत होती, तिथे बघायला काय आहे? मी म्हटलं, त्याच्यासोबत वाजवलेली मंडळी गावात असतीलच, दोन-चार भेटले तर त्याने डावा हात कसा धरला होता एवढं विचारायचंय.